गुडघ्यावरचा खडू

“अहो, बाळ भिजतंय! छत्री आधी त्याच्यावर धरा ना...”

बुटकीने मान वळवली. रस्ता ओलांडून एक तरुण धावत येत होता, अंगातला कोट धावता धावताच काढत. सकाळपासून रिपरिप चालू होती आणि बुटकीची छत्री खरोखरच तिच्या स्वतःच्या डोक्यावर होती. त्याने बाबागाडीवर कोट धरला, कौतुकाचं हसू आधीच तयार ठेवून आत डोकावलं... आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं.

आत, गुलाबी दुपट्याखाली, एक लांबलचक काळी पेटी आडवी झोपली होती.

“माझ्याहून वयाने मोठं आहे ते,” बुटकी म्हणाली. “मामाचं आहे.”

“मामाचं... बाळ?”

“मामाची गिटार हो! उचलवत नाही म्हणून ताईची बाबागाडी मागून आणली. टेबलासारखी चार पायांवर उभी राहते ना, हातापायांनी वाजवतात, ती.”

“पेडल स्टील?” त्याचा आवाज एकदम खाली आला, देवळात शिरल्यासारखा. “मग तर मुळीच भिजू देणार नाही.” आणि कोट त्याने सगळ्या बाजूंनी नीट खोचून दिला.

कोपऱ्यावरच्या वाद्यांच्या दुकानाला कुलूप होतं. बुटकी तिथूनच हात हलवत परतली होती.

“दुकान गेलं, पण दुरुस्ती करणारा आहे अजून,” तो म्हणाला. “मीच तो. सायकलवाल्याच्या मागे माझी खोली आहे. चला, बाळाला आत घेऊ.”

‘बुटकी’ हे नाव मामाने ठेवलेलं. ताडासारख्या उंच माणसाने भाचीला दुसरं काय म्हणायचं! ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हा धंदाच असल्यामुळे कुणाच्या डोळ्यांत बघून लाजण्याचा प्रश्न नव्हता. निदान त्या दिवसापर्यंत तरी नव्हता.

खोलीत भुशाचा आणि तेलाचा वास होता. भिंतीवर व्हायोलिनं टांगलेली, खिडकीत एक उघडी पडलेली बाजाची पेटी. आत शिरताच त्याने टेबलावरचं काहीतरी झटकन खणात सरकवलं आणि खण कंबरेने ढकलून बंद केला. बुटकीला दिसलं, पण आपल्याला काय करायचंय, म्हणून तिने गिटारची पेटी उघडायला घेतली.

त्याने गिटारला चारही पाय लावले, खाली वाकला आणि हलकेच शीळ घातली. तिच्या पोटातल्या सळ्या, एकीआड एक, पेडलपासून थेट तारांच्या मुळाशी गेलेल्या. गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणाऱ्या पट्ट्या, म्हणजे लिव्हर. गुडघ्याने लिव्हर ढकलला की सळी ओढली जाते आणि वाजत असतानाच त्या तारेचा सूर चढतो, नाहीतर उतरतो.

“मामांनी हे स्वतःच्या पायांना शिवून घेतलंय,” तो खालूनच म्हणाला. “कोटासारखं.”

“आणि मी त्या कोटात बुडतेय. माझा गुडघा लिव्हरपर्यंत पोचेपर्यंत गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असतं.”

तो हसला. ती नाही हसली. शहरातल्या वाद्यवृंदात एक जागा रिकामी होती, महिनाअखेरीच्या रविवारी चाचणी होती. मामाची बोटं आखडली तेव्हा त्याने गिटार तिच्या हवाली केली होती. इतकी वर्षं ती घरच्यांसमोर आणि भिंतींसमोर वाजवत होती.

“या वेळी नाही झालं ना,” ती म्हणाली, “तर पुन्हा मी कुणासमोर बसायची नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे.”

त्याने मान वर केली. थट्टा सगळी उतरली होती चेहऱ्यावरून.

“होईल,” एवढंच म्हणाला. मग खडूचा एक तुकडा शोधून प्रत्येक लिव्हरला त्याने तो घासून लावला. “आता डोळे मिटून वाजवा. मी तुमचे गुडघे बघणार आहे.”

“पहिल्याच भेटीत असं कुणी सांगतं का हो?”

तो कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... खडू कुठे उमटतो ते. गुडघा जिथे आपणहून जातो, तिथे लिव्हर आणायचा. माणसाने वाद्याकडे जायचं नाही, वाद्याने माणसाकडे यायचं.”

बुटकीने डोळे मिटले. बोटांत नख्या चढवल्या, डाव्या हातात तारांवर फिरवायची पोलादी दांडी घेतली. एक तार जागच्या जागी गात राहिली आणि तिच्या शेजारची, हळूहळू, जिना चढल्यासारखी वर येत तिला मिळाली. खोलीत काही क्षण दुसरं काही नव्हतं. डोळे उघडले तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. गुडघे बघायचं राहूनच गेलं होतं.

“पुन्हा वाजवावं लागेल,” तो ओशाळून म्हणाला. “मी... ऐकत बसलो.”

त्यानंतर चष्म्याच्या दुकानातून सुटली की ती तिकडेच जाऊ लागली. एकदा डावीकडचा लिव्हर जवळ आला, एकदा उजवीकडचा. एकदा पेडल जड वाटलं, तर त्याने सळी एक भोक पुढे अडकवली आणि ते पेडल असं हलकं झालं, की बुटकी उगाचच ते दाबत बसली. तिला त्याचे हात बघायला आवडायचं. किल्ली फिरवताना तो नुसती कल्पना केल्याइतकीच फिरवायचा, मग तळहात गिटारच्या पाठीवर ठेवायचा, ताप बघावा तसा, आणि म्हणायचा, “हं... आता बोल.” त्याला दिसण्यापेक्षा बोटांनी कळायचं जास्त.

आणि हो, पहिल्या दिवसानंतर ती उंच टाचांचे सँडल घालून जाऊ लागली होती. दुकानात पिशवीत ठेवायचे, निघताना बदलायचे. पहिल्या दिवशी तो शेजारी उभा राहिला तेव्हा तिची नजर त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर येत होती. आता हनुवटीपर्यंत तरी आली.

त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लालसर ठसे होते. ते कशाचे, हे तिच्या धंद्यातल्या माणसाला विचारायची गरज नव्हती. पण चष्मा कधी दिसायचा नाही. ती आत शिरली की आधी खण बंद झाल्याचा आवाज यायचा. माणसाला एखादी गोष्ट लपवावीशी वाटत असेल, तर आपण टाचा घातलेल्यांनी कशाला चौकशी करावी?

ताईचं मात्र तसं नव्हतं. बाळ झाल्यापासून ताई डोळ्यांत तेल घालून सगळ्या घरावर लक्ष ठेवून होती. बाळ शिंकलं तरी तिला कळायचं, दूध उतू जायच्या आधी कळायचं, आणि बहीण हातची जात असली तर ते कळणारच.

“गुडघ्याला पांढरं काय लागलंय गं?”

“खडू.”

“गुडघ्याला? शाळेत लंगडी खेळायला जातेस का?”

“ताई, लिव्हर लावायची पद्धत असते ती.”

“दोन्ही गुडघ्यांना पद्धत? रोज?” ताईने बाळाला खांद्यावर घेत पाठ थोपटली. “बघ रे बाळा, मावशीची गिटार काही लवकर बरी होत नाही हो. बिचारीला मोठंच दुखणं दिसतंय.”

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी डाव्या गुडघ्यावरचा शेवटचा, उभा लिव्हर बसवून झाला. हा सगळ्यात नाजूक. पाय पेडलवर तसाच ठेवून टाच जराशी उचलायची, की गुडघा वर जाऊन त्याला टेकतो आणि सूर उमलतो. तिने वाजवलं. सूर उमलला.

“झालं,” तो म्हणाला.

“झालं?”

“हो... म्हणजे आता काही राहिलं नाही.”

दोघंही गिटारकडे बघत राहिले. बाहेर सायकलवाला चाकात हवा भरत होता. त्याने पेटी बाबागाडीत ठेवून दिली, दुपटं घातलं, ते दोनदा सारखं केलं.

“उद्या... नीट वाजवा.”

“हो.”

आणि बाबागाडी ढकलत बुटकी बाहेर पडली.

रविवारी सभागृहाच्या बाजूच्या खोलीत बुटकी गिटारपाशी बसली, ताई बाळाला घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर. अंगावर नेहमीचे कपडे, पायांत नेहमीचे चपटे कापडी बूट, सरावाचे. महत्त्वाच्या दिवशी नखरे नकोत. तिच्या आधी अजून तिघांच्या पाळ्या होत्या, शेवटची एका अकॉर्डियनवाल्याची. तिने हळूच एक ओळ वाजवली. टाच उचलली...

सूर उमललाच नाही.

तिने आणखी उचलली. पाय पेडलवरून निसटला आणि तारेचा सूर खाली कोसळला. पुन्हा तेच. लिव्हर होता तिथेच होता, गुडघाच पोचत नव्हता. मामाच्या कोटात पुन्हा बुडाल्यासारखं झालं.

“ताई,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजानेच ताई बाळासकट उठली. “ताई, मी वाजवत नाही. घरी जाऊ या.”

“गप्प बस.” ताईने फोन काढला. “त्याचा नंबर माझ्याकडे आहे. अशी बघू नकोस, तू रोज ज्याच्याकडे जातेस त्याचा नंबर मी ठेवणार नाही तर कोण ठेवणार?”

तो आला तो सायकलवाल्याच्याच सायकलवरून, धापा टाकत, हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि डोळ्यांवर चष्मा. जाड काळ्या काड्यांचा, एका बाजूला कललेला. तो गिटारखाली वाकला, सळ्या तपासल्या, लिव्हर हलवून पाहिला.

“सगळं जागेवर आहे. काही सरकलं नाही... तुम्ही पाय जरा...” आणि तो थांबला. “हे बूट नवीन आहेत?”

“जुनेच. रोजचे.”

“पण टाच कुठे आहे यांना?”

“नसतेच.”

“मग माझ्याकडे यायचात तेव्हा?”

बुटकीने दोन्ही पाय मागे ओढून घेतले. ताई एकदम बाळाचं टोपडं नीट करायला लागली.

“तेव्हा... उंच टाचांचे सँडल असायचे.”

“का?”

“तुम्ही उंच आहात म्हणून!” ती जवळजवळ ओरडलीच. “एवढंही कळत नाही? आणि तुम्ही कसले कारागीर हो? गुडघ्याच्या खडूचा ठिपकान् ठिपका बघितलात, एवढ्या टाचा दिसल्या नाहीत?”

तो गिटारखालून हळूहळू बाहेर आला. चष्म्याला बोट लावलं.

“नाही दिसल्या. हा खणात असायचा ना.”

“का?”

“शाळेपासून मला ‘भिंग’ म्हणतात. म्हटलं... एका माणसाने तरी म्हणू नये.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “मला लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचं धूसर. तुम्ही दारातून येताना चांगल्या दिसायचात, पण तेव्हा पायांकडे कोण बघतं. जवळ येऊन बसलात की मग काही सुधरायचं नाही.”

“हे नजरेचं बोलताय की...”

“दोन्हीचं.”

आत अकॉर्डियन थांबलं. कुणीतरी टाळी वाजवली.

“लवकर,” ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “नंतर बोला की.”

त्याने खिशातून खडू काढला, लिव्हरला घासला. “माप कशावर घेऊ? ताईंना सँडल आणायला पाठवू, की...”

बुटकीने आपल्या बुटांकडे बघितलं. डावा अंगठ्यापाशी जरा फाटलेला होता.

“यांच्यावर घ्या,” ती म्हणाली. “मी रोज आहे तशीवर.”

त्याने वर पाहिलं. चष्म्यातून त्याचे डोळे मोठे दिसत होते आणि त्यांत, या वेळी, काहीही धूसर नव्हतं. मग तो खाली वाकला. किल्ली फिरली, लिव्हर केसाकेसाने खाली आला. तिने टाच उचलली. खडू गुडघ्यावर टेकला, अगदी फुंकर टेकावी तसा, आणि सूर उमलला.

“हं,” तो पुटपुटला, “आता बोल.”

सभागृहात तीन माणसं बसली होती. मधल्या बाई, वृंदाच्या प्रमुख, कागदावर काहीतरी लिहीत होत्या. बुटकीने डोळे मिटले नाहीत. अर्धवट उघड्या दारात लांबवर एक कललेला चष्मा दिसत होता, त्याच्याकडे बघत तिने सुरुवात केली. एक तार जागेवर गात राहिली. दुसरी निघाली, अडखळली नाही, घाई केली नाही, गुडघ्याच्या एवढ्याशा हालचालीवर वर वर येत तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. बाईंची पेन्सिल थांबली. शेवटचा सूर विरेपर्यंत त्यांनी ती पुन्हा टेकवली नाही.

“मंगळवारपासून तालमी आहेत,” मग म्हणाल्या. “ही आणता कशी? फार जड असेल.”

“बाबागाडीतून,” बुटकी म्हणाली आणि तिचं तिलाच हसू फुटलं.

परतताना बाबागाडी तो ढकलत होता. ताई बाळाला कडेवर घेऊन मुद्दाम बरीच पुढे चालली होती, पण तिचे कान मागे होते, हे दोघांनाही माहीत होतं.

“एक सांगू?” तो म्हणाला. “रागवणार नसाल तर.”

“बघू.”

“ते सगळे लिव्हर... एका बैठकीत बसले असते. मी रोज एकच बसवत होतो.”

बुटकी थांबली. त्यालाही थांबावं लागलं. चपट्या बुटांत तिची नजर पुन्हा दुसऱ्या बटणावर आली होती, म्हणून तिने मान चांगली वर केली, हात लांब केला आणि त्याचा चष्मा नाकावर सरळ बसवला. पुन्हा घसरला. पुन्हा बसवला. गुडघ्यावरून बोटांना लागलेला खडू त्याच्या नाकाला लागला, तो तिने पुसला नाही.

“डावी काडी सैल आहे,” ती म्हणाली. “उद्या दुकानात या... ये. एका बैठकीचं काम आहे.” मग बाबागाडीच्या दांड्यावर त्याच्या हाताशेजारी हात ठेवत, चालायला लागत, “पण मीही रोज एकच स्क्रू बसवणार.”