राजासमोरचं प्यादं

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक!

रॅपिड स्पर्धेचा शेवटचा राउंड. जिंकले तर ज्युनियर संघात, नाहीतर बाबांनी सांगूनच ठेवलेलं — बुद्धिबळ बंद, गपगुमान अभ्यास. पाणी प्यायला बाहेर आले, तर कूलरपाशी एक कुरळ्या केसांचा मुलगा डोळे मिटून चाली पुटपुटतोय. आणि चाली कुठल्या? माझ्या! माझंच ओपनिंग!

"कोणाशी आहे रे गेम?" मी अगदी साळसूदपणे.

"आहे एक. पहिल्या चालीला कायम वजिरासमोरचंच प्यादं काढते. ओळखतेस?"

"ओळखते ना! भयंकर हट्टी. दुसरं काही येतच नाही तिला."

"थँक्स हं!" असा हसला ना... गेलेच मी.

जरा वेळानं त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसले. त्याचा चेहरा बघायला हवा होतास!

"तू —?"

"हो. ती हट्टी मीच."

आणि सरळ राजासमोरचं प्यादं पुढे ढकललं. स्पर्धेत पहिल्यांदाच! दोरीपलीकडे आमच्या सरांनी कपाळावर हात मारला. हा मात्र बघतच राहिला... प्याद्याकडे नाही गं, माझ्याकडे!

पण पोरगं कच्चं नव्हतं. बघता बघता माझा उंट खाल्लान्, वर हळूच म्हणतो, "ड्रॉ?"

ड्रॉ म्हणजे तो संघात आणि मी घरी. वेळ संपत आलेली...

"नाही."

घोडा थेट त्याच्या राजापुढे नेऊन ठेवला. त्यानं तो मारला, आणि तिथेच फसला. माझ्या हत्तीची वाट मोकळी! शह. परत शह. मात!

त्यानं हात पुढे केला. मी मिळवला. सोडायचा मात्र... दोघंही विसरलो.

"हरल्याचं वाईट वाटायला हवं," तो म्हणाला, "वाटतच नाहीये. तुझे सगळे गेम कागदावर पाहिलेत मी, पण तू अशी असशील, हे एकातही दिसलं नव्हतं."

"अशी म्हणजे?"

"अशी... म्हणजे... आवडलीस."

आणि शहाण्यानं पटाशेजारचं घड्याळ खटकन दाबून माझी वेळ चालू केली! "तुझी चाल."

तिकडे बाबा चक्क टाळ्या वाजवत हाका मारतायत, सर नाचायचेच बाकी, आणि इथे माझे सेकंद पळतायत. मी खुर्ची पुढे ओढली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि घड्याळ दाबलं.

"लाव पट परत. आता पांढरे मोहरे तुझे. बाबा थांबतील."

काय हसतेस? तू काय केलं असतंस गं?