घरी गेलेली मुलं

इस्पितळात शाळा असते असं सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. दुखण्याने बेजार झालेल्या पोरांना कसले पाढे आणि कसल्या कविता? पण कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी, साठ-पासष्टच्या सुमाराला मुलांचं एक इस्पितळ होतं आणि तिथे अशी शाळा खरोखरच भरत असे. हाडांच्या क्षयाची मुलं वर्ष वर्ष प्लास्टरमध्ये उताणी पडून असायची. नुसतं छताकडे बघत पडलेलं पोर पायाने बरं होईलही, पण मनाने कुठल्या कुठे जाऊन बसेल, म्हणून ही शाळा.

शाळेच्या मुख्य होत्या अंबाबाई. मूळच्या कडावच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. आवाज असा खणखणीत, की वॉर्डाच्या या टोकाला त्यांनी पाढा सुरू केला की त्या टोकाचं पेंगणारं पोर तो पुढे म्हणतच जागं व्हायचं. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत. उताण्या मुलांना दिसावा म्हणून त्यांनी फळ्याला दोऱ्या बांधून तो कप्पीवरून छताशी टांगला होता. खाली घ्यायचा, लिहायचं, वर ओढायचा. खडूची भुकटी पोरांच्या नाकातोंडात जायची. पोरं शिंकायची, पण शिकायची. डॉक्टर एकदा म्हणाले होते, "बाई, हाडं तेवढी माझी. बाकीचं सगळं मूल तुमच्या ताब्यात."

या 'बाकीच्या मुला'त एक अवघड काम होतं. सगळीच मुलं काही बरी होत नसत. एकदा एका नर्सने एका मुलाच्या मरणाची गोष्ट वॉर्डात सरळ सांगून टाकली, तर सगळ्या मुलांनी ताटं बाजूला सारली. बरी होत आलेली एक मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली, ती उठलीच नाही. त्या दिवशी अंबाबाईंनी स्वतःचा नियम घातला. यापुढे मूल गेलं की सकाळी प्रार्थनेआधी त्या स्वतः उभ्या राहून सांगणार, अमुक घरी गेला. डॉक्टरांनाही ते पटलं. मोठ्या बाई खोटं बोलत नाहीत हे मुलांना ठाऊक होतं, त्यामुळे प्रश्नच कुणी विचारला नाही.

खरोखर घरी जाणाऱ्या मुलाची रीत वेगळी होती. ते पायाला लोखंडी पट्ट्या लावून, कुबडी टेकत प्रत्येक खाटेपाशी जायचं, हात लावायचं, आणि मग दाराबाहेर पडायचं.

दिवाळी झाली, भातं कापून झाली आणि ठकीचा घरी जायचा दिवस आला. ठकी कशेळ्याच्या पुढच्या एका ठाकरवाडीतली, नऊ-दहा वर्षांची. मोतीबाई आयाने तिची तेल लावून वेणी घातली, लाल रिबीन बांधली, आणि पोरीने खाटेचा गज दोन्ही हातांनी धरला तो सोडेचना.

"मी घरी नाय जायाची."

"अगं बया, पोरं घरी जायला रडतात, तू न जायला रडतेस व्हय?" मोतीबाई म्हणाली. "उठ गं. बाप वाट बघत आसंल."

अंबाबाई खाटेच्या कडेला टेकल्या. "काय झालं, ठके? मला सांग."

ठकीने आधी बाजूच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "घरी शुक्रा हाय."

अंबाबाईंनीही त्या खाटेकडे पाहिलं.

शुक्रा तिच्याच वाडीतला, शेजारच्या झोपडीतला. दोघं एकाच बैलगाडीतून आली होती आणि शेजारच्याच खाटांवर पडली होती. शुक्राचं खुब्याचं दुखणं. छातीपासून घोट्यांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवलेले, आणि ते हलू नयेत म्हणून मध्ये एक आडवी काठी बसवलेली. पोर मोठं आज्ञाधारक. बाईंनी 'डोळे मिट' म्हटलं की 'उघड' म्हणेपर्यंत मिटलेलेच. श्रावणात त्याला ताप चढला आणि तो गेला. प्लास्टर कापायला घेतलं तेव्हा बाप म्हणाला, "नको, दुकंल त्याला." मग तसाच त्याला खांद्यावर घेऊन तो पावसात निघाला आणि वाडीखाली त्याने पोराला पुरलं. सकाळी अंबाबाईंनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, शुक्रा घरी गेला.

"कोण म्हणालं तुला, तो घरी आहे?"

"आय. भेटाया आलती तवा. शुक्रा अंगनात येऊन निजतो, म्हनली."

अंबाबाईंना रागच आला. काय हे आईबाप, लेकराच्या मनात काय भरवून ठेवतात! ठकीच्या पायाला रोज चालणं हवं होतं, नाहीतर दीड वर्षाची मेहनत पाण्यात. भेदरून कोपऱ्यात बसलेली पोर कसली चालतेय? तेव्हा त्यांनी ठरवलं, आपण स्वतः जायचं, या गोष्टीचा काय तो सोक्षमोक्ष लावायचा आणि पोरीला अंगणात चालवून दाखवून मगच परतायचं. ठकीने बाईंचा पदर धरला आणि खाटेखाटेला हात लावत ती निघाली.

गजा ड्रायव्हरने जीप कशेळ्याच्या पुढे, ओढ्यापर्यंत नेली. "बाई, गाडी हितवरच. फुडं वाट नाय."

अंबाबाई आणि ठकी वर चढून गेल्या तेव्हा भर दुपार होती. माणसं खळ्यांवर भात झोडायला गेलेली. लख्ख ऊन पडलं होतं, कौलावर कावळा होता, सगळं कसं रोजचं. ठकीच्या पट्ट्या खडकावर खुडखुड वाजत होत्या. आणि वाडीच्या पहिल्या झोपडीपाशी अंबाबाईंना वास आला. ओल्या प्लास्टरचा. चुन्यासारखा, थंड. रोज तोच वास घेत त्या वावरत होत्या, त्यामुळे चूक व्हायचा संभवच नव्हता. पण या वाडीत प्लास्टर यायचं कुठून?

शुक्राची आई चिंधी अंगण सारवत होती. शेवटचा हात फिरवून ती उठली, शेणाचे हात तसेच लोंबते ठेवून बाईंकडे बघत राहिली. ती रडली नाही की रागावली नाही.

"बरं जालं, बाई, तुमी आलात. त्याला तुमी काय सांगलंत?"

"कुणाला?"

"माज्या शुक्राला. रोज दुपारी येतो. आत ये रं म्हंते, तर येत नाय. म्हंतो, मोठ्या बाईंनी सांगलं घरी गेला, म्हनून आलो. फुडं काय करायचं ते नाय सांगलं."

अंबाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. समजूत घालायची होती, त्यात तर त्यांचा हातखंडा होता. पण ठकीने त्यांचा पदर गच्च ओढला.

"बाई… आला."

अंगण ओलं होतं, उन्हात चमकत होतं. त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, सावलीसुद्धा नाही. आणि त्या ओल्या शेणात आधी दोन खळगे पडले. टाचांचे. एकमेकांपासून लांब, फाकलेले. मग दोहोंच्या मधोमध एक आडवी रेघ हळूहळू दबत गेली, काठी ठेवावी तशी. मग पाठ. सपाट, जड. आणि सगळ्यात शेवटी, पोर जपून मान टेकतं तसा, डोक्याचा वाटोळा खळगा.

अंबाबाई दगडासारख्या उभ्या राहिल्या. भीती तर होतीच, पण तिच्याहून मोठं दुःख होतं. पोर घरी आलं होतं. बाईंनी सांगितलं म्हणून आलं होतं, आणि पुढच्या आज्ञेची वाट बघत श्रावणापासून उताणं पडलं होतं.

"तुमचंच आइकतो तो," चिंधी हळू म्हणाली. "त्याला खरं सांगा, बाई. आमी सांगून दमलो."

जो शब्द इतक्या वर्षांत त्यांनी एकाही मुलासमोर उच्चारला नव्हता, तो त्यांना आता मुलालाच सांगायचा होता. त्या खाली बसल्या. खळग्याजवळ तोंड नेलं. प्लास्टरचा वास नाकात भरला.

"शुक्रा… बाळा, मी खोटं सांगितलं. तू मेलास रे. श्रावणातच मेलास. आता तुला काही करायचं नाही. काही करायचं राहिलेलं नाही."

मग कावळा उडाला. वास कमी कमी होत गेला आणि उरला तो नुसता शेणाचा. चिंधी खाली बसली, तिने त्या ठशावरून हात फिरवला, आणि तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली. ठकीने पदर सोडला. कुबडी टेकत, खुडखुड करत, ती एकटी अंगण ओलांडून आपल्या झोपडीत गेली.

परतताना अंबाबाईंना शरम वाटत होती, आणि हलकंही वाटत होतं. आता लपवाछपवी नाही. मुलं रडतील, जेवायची नाहीत, आपण त्यांच्याजवळ बसू. पण खरं तेच सांगू.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. ऊन वॉर्डात आलं होतं. नागूने आपल्या खाटेवरून विचारलं, "बाई, ठकी पोचली?"

"पोचली."

"शुक्रा भेटला?"

अंबाबाईंनी खडू खाली ठेवला. "शुक्रा मेला, नागू. तो आजारी होता आणि मेला. मी तुम्हाला घरी गेला म्हणून सांगितलं, ते खोटं होतं."

कुणी रडलं नाही. मग पलीकडून शकूने विचारलं, "आनि कमळ्या?"

"तोही मेला, बाळ."

"आनि जनी?"

"जनीपण."

एकेक नाव येत गेलं, आणि त्या उत्तर देत गेल्या. प्रत्येक उत्तरासरशी कुठेतरी एक सुस्कारा ऐकू येत होता. अंबाबाईंना वाटलं, मुलंच सोडताहेत. नावं संपली. त्यांनी डोळे पुसले आणि फळ्याची दोरी हातात घेतली.

"आनि मी, बाई? मी घरी गेलो का?"

आवाज मुलग्याचा होता, लहानसा, घोगरा. वॉर्डातल्या प्रत्येक पोराचा आवाज अंबाबाईंना डोळे मिटून ओळखता यायचा. हा त्यांनी कधी ऐकलेला नव्हता. ज्यांना मान वळवता येत होती त्या मुलांनी ती वळवली, ज्यांना येत नव्हती त्यांचे नुसते डोळे फिरले. सगळी एकाच दिशेला पाहत होती. कोपऱ्यात. तिथे एक जुनी, गादी नसलेली लोखंडी खाट होती.

"कोण… कोण बोललं?" अंबाबाईंनी विचारलं. "नाव काय तुझं, बाळ?"

"नाव तुमी सांगा ना, बाई," कोपऱ्यातून उत्तर आलं. "आमच्या वक्ताला बाई नव्हत्या. आमाला कुनी काय सांगलंच नाय."

आणि त्या आवाजामागे, त्याच कोपऱ्यात, आणखी कुणीकुणी 'आमाला… आमाला…' म्हणू लागलं.