उसनं वळण

गाडी भाड्याने देणाऱ्या कचेरीत वाळूची परात कशाला ठेवली असेल, हे कुंदाताईंना कळेना. त्बिलिसी विमानतळाला लागूनच ती कचेरी होती. काचेच्या भिंतीपलीकडे विजेवर चालणाऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि अलीकडे टेबलावर मधोमध ही परात.

“हिच्यात बोटाने तुमचं नाव लिहा,” नातिया म्हणाली. तिशीतली ही तंत्रज्ञ जॉर्जियन बोलत होती आणि कानातला दुभाष्या तिचं बोलणं मराठीत आणत होता.

कुंदाताईंबरोबर आलेल्या डॉ. हेमांगी शिरोडकरांनी लिहिलं. मग नातियाने त्यांना खडू दिला आणि मागच्या फळ्यावर तेच नाव मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं.

“बघा. वाळूत फक्त बोट हललं, फळ्यावर खांद्यापासून सगळा हात. स्नायू निराळे, तरी अक्षर तेच. म्हणजे अक्षराचं वळण हातात नसतं.”

“लहान मेंदूत असतं,” हेमांगी म्हणाल्या. “मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. पक्षाघातानंतर लोकांना पुन्हा घास घ्यायला शिकवते. तुम्ही पुढचं सांगा.”

नातिया खुलली. तिने एक पातळ, राखाडी पट्टा पुढे केला. हा ‘वळणपट्टा’. मानेच्या वर, डोक्याच्या मागे बसवायचा. सपाटीवर गाड्या आपल्या आपण चालत. पण वर काकेशसच्या डोंगरात दर वसंतात बर्फ वितळलं की रस्ताच जागा बदलत असे. तिथे अजून माणूसच लागायचा, तोही तिथला. म्हणून कंपनी डोंगरातल्या मुरलेल्या चालकांचं वळण नोंदवून पाहुण्यांना वापरायला देत असे.

“गाडी तुम्हीच चालवाल. मागून कुणी सूर गुणगुणत राहिलं की आपण नकळत सुरात येतो ना, तसं. तुम्ही जोर लावलात तर पट्टा माघार घेतो.”

“आणि ज्याचं हे वळण, त्याच्या आठवणी?”

“त्या नाहीत. आठवणी मेंदूत दुसरीकडे राहतात. त्याच्या बायकोचं नाव तुम्हाला कळणार नाही. पण ती शेजारी बसली की तो गाडी हळू चालवत असेल, तर तुमचाही पाय हलका पडेल.”

“अगं बाई,” कुंदाताई म्हणाल्या, “अंगात येणंच की हे!”

दुभाष्याने ते कसं पोचवलं कोण जाणे, नातिया खळखळून हसली.

हेमांगींना मात्र एक शंका होती. “वापरलं की वळण बदलतं. तुमचा पट्टा शिकतो का?”

“शिकावंच लागतं. तुमची नजर निराळी, धास्ती निराळी. तो तुमच्याशी जुळवून घेतो, आणि घेतलेलं ठेवतो. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होत जातो म्हणा.”

“म्हणजे देणंघेणं दोन्हीकडून.”

“दोन्हीकडून,” नातिया म्हणाली आणि तिने पट्टा हेमांगींच्या केसांखाली बसवला.

खरं तर या सहलीचा घाट जयवंतने घातला होता. कुंदाताईंचा धाकटा भाऊ, हेमांगींचा नवरा. जॉर्जियातल्या दगडी मनोऱ्यांच्या गावाची चित्रं तो सगळ्यांना दाखवत सुटायचा. मग एका दुपारी दवाखान्यातून जेवायला घरी आला, हातपाय धुतले आणि ताटावर बसायच्या आधीच गेला. त्याला दोन वर्षं झाली होती. त्याच्या हयातीत हेमांगींनी गाडी अशी चालवलीच नव्हती. परवाना होता एवढंच. तो गेल्यावर कोल्हापुरात घर ते दवाखाना एवढीच त्यांची मजल. हा प्रवास त्यांनी कधीच केला नसता. पण चिपळूणच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या कुंदाताई हट्टाला पेटल्या. “नकाशावर छडी ठेवून पोरांना डोंगर दाखवले गं, एक तरी पाहू दे की!”

शहर सुटेपर्यंत गाडीने स्वतःच वाट काढली. डोंगराचा पायथा आला तशी ती नम्रपणे कडेला थांबली. हेमांगींनी चाक धरलं. इथे चाक डावीकडे आणि रस्ता उजवीकडचा, सगळं आरशातल्यासारखं. पण पहिल्याच चढाला त्यांचा श्वास सैल झाला. हात जाणते झाले होते. वळण दिसायच्या आधी पाय वेग उतरवत होता. एका कड्याखाली त्यांच्या बोटांनी आपणहून काच खाली केली.

“वारा येतोय, बंद कर,” कुंदाताई म्हणाल्या.

“मी नाही उघडली, ताई. तो ऐकतोय. वरून दगड सुटले तर आवाज येईल म्हणून.”

कुंदाताईंनी शाल ओढून घेतली आणि मग त्याही ऐकू लागल्या.

दुपार कलताना एक फाटा आला. मनोऱ्यांचं गाव उजवीकडे, तशी ठळक पाटीच होती. हेमांगींचे हात डावीकडे वळले.

त्यांनी चाक परत फिरवायला पाहिलं. फिरलं असतं, पट्ट्याने विरोध केला नसता. पण बोटांना ते इतकं चुकीचं वाटलं, जेवताना डाव्या हाताने घास घ्यावा तसं, की त्यांनी गाडीच थांबवली.

“पुढे दरड आहे का?” कुंदाताईंनी घाबरून विचारलं.

“नाही. धोक्याला पाय उचलतो, ते आता मला ओळखू येतं. हे निराळं आहे.” हेमांगी चाकावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. रोज केलेलं काम सगळ्यात खोल रुजतं, हे त्या रुग्णांना नेहमी सांगत. बोलणं विसरलेला माणूससुद्धा सदऱ्याची गुंडी लावतो. वर्षानुवर्षं, दिवसाचं काम आटोपून, हा माणूस इथे डावीकडे वळला असणार.

“ताई, हा घरी चाललाय.”

कुंदाताईंनी पाटीकडे पाहिलं, मग डावीकडच्या कच्च्या रस्त्याकडे. “मनोरे काय, उद्याही असतील तिथेच. चल.”

रस्ता एका अक्रोडाच्या झाडाखाली संपला. गाडी थांबते न थांबते तोच फाटक उघडून एक वृद्ध बाई बाहेर आली. तिने गाडीतल्या दोघींकडे पाहिलं, आणि तिला जराही नवल वाटलं नाही.

“या,” ती म्हणाली. “मी नानुली. दमला असाल. चाक झाडाच्या मुळाशी घासत थांबतं ना, त्या आवाजावरून कळतं मला.”

“कोण आलंय ते?” हेमांगींनी विचारलं.

“ओतार, माझा नवरा,” ती म्हणाली, आणि त्यांना अंगणात घेऊन गेली.

ओतार अंगणातच बसला होता. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा. पाहुण्यांसाठी तो उठू लागला आणि भेलकांडला. नानुलीने सवयीने खांदा दिला. त्याने पुढे केलेला हात हेमांगींच्या हाताला चुकवून पलीकडे गेला, परत आला, मग सापडला. हेमांगींना तपासायची गरज नव्हती. लहान मेंदू विझत चालला होता. ताकद शाबूत, बुद्धी शाबूत; फक्त ठरवलेलं आणि घडलेलं यांचा मेळ बसत नव्हता.

जेवताना नानुलीने त्याच्या तोंडाशी सुरईतली द्राक्षाची दारू धरली आणि त्याने पाहुण्यांचं भलं चिंतलं. आजार ध्यानात आला तेव्हा कंपनीची माणसं आली होती, त्याने सांगितलं. “म्हटलं, हात जाणारच आहेत. जाण्याआधी कुणाच्या कामी येतील तर घेऊन जा.”

“पहिल्या उन्हाळ्यात सारखी माणसं यायची,” नानुली म्हणाली. “जपानी, जर्मन. गोंधळलेली बिचारी. चुकलो म्हणायची, जेवायची, फोटो काढून जायची. पुढे कमी झाली. या वर्षी तुम्हीच पहिल्या.”

हेमांगींच्या घासाची चव गेली. कारण त्यांना कळत होतं. त्या फाट्यावर बऱ्याच पाहुण्यांनी चाक उजवीकडे ओढलं होतं, आणि पट्टा शिकत होता. आणखी वर्षभराने ओतारचे हात आपलं घर विसरणार होते.

हे सांगावं की नाही? त्यांनी सांगितलं. अशा गोष्टी लपवून कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

ओतारने मान हलवली. “पाहुण्यांच्या घरात राहिलेला मुलगा. बोली बदलणारच.”

“तुम्ही पट्टा कधी स्वतः लावून पाहिला नाहीत?”

“दिलेलं परत मागत नसतात,” तो म्हणाला.

सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा हेमांगींचं ठरलं होतं. कुंदाताईंना त्यांनी बाजूला घेतलं. “ताई, कंपनीच्या नियमात हे बसत नाही. पण त्यांच्या मेंदूत जे विझलंय ना, गाडी चालवण्यापुरतं तेवढंच या पट्ट्यात आहे. त्यांचंच आहे.”

“आणि काही झालं तर?”

“घरामागच्या कुरणातल्या रस्त्याला दरी नाही. वेग सायकलीएवढा बांधून टाकते. आणि गाडी थांबवायची कळ माझ्या हातात राहील.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“तुम्ही ‘हो’ म्हणावं म्हणून.”

“हो,” कुंदाताई म्हणाल्या.

ओतारला पटवायला जास्त वेळ लागला. शेवटी नानुलीनेच जाऊन गाडीचं दार उघडलं आणि स्वतः शेजारच्या जागेवर बसली. ती जागा तिचीच होती. हेमांगींना मागे कुंदाताईंजवळ बसावं लागलं. त्यांनी पुढे वाकून ओतारच्या पांढऱ्या केसांखाली पट्टा बसवला.

थरथरता हात चाकाकडे गेला, चुकला, पुन्हा गेला. आणि चाकावर टेकताक्षणी शांत झाला. वादळात खिडकी लावून घ्यावी तसा. ओतारने दुसरा हात ठेवला. तोही शांत. त्याने दोन्ही हातांकडे पाहिलं आणि गाडी कुरणाच्या रस्त्याला घातली.

नानुली समोर बघत होती. तिच्या ओठांचे कोपरे तेवढे हलत होते. मेंढ्यांच्या वाटा, ओढा, चिखलातली चाकोरी, सगळ्यांतून गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली होती. हेमांगींनी थांबवायच्या कळेवरचा अंगठा जरा सैल केला.

इतक्यात कुंपणाआडून एक धनगरी कुत्रा भुंकत थेट चाकापुढे आला. ओतारने करकचून ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी त्याचा उजवा हात चाकावरून उडून नानुलीच्या छातीपुढे आडवा गेला. लहान मुलाला सांभाळावं तसा.

कुत्रा निघून गेला. हात तसाच राहिला.

नानुलीने त्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “हे काय?”

“मी नाही केलं,” ओतार म्हणाला. तो आपल्याच हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. “मी ब्रेक लावला फक्त.”

“आयुष्यभर तुझ्याशेजारी बसले मी. कपाळाला टेंगळं आली, पण तू कधी असा हात आडवा घातला नाहीस.”

“पट्ट्यातच बिघाड झाला असेल,” हेमांगी घाईने म्हणाल्या. “उतरवते मी—”

“बिघाड कसला?” कुंदाताईंचा आवाज बदलला होता. “हेमा, हे जयूचं आहे.”

हेमांगींना काही कळेना.

“विसरलीस? गाडीत मी मागे बसायचे तुमच्या. जरा कुठे ब्रेक लागला की त्याचा हात तुझ्यापुढे. तू चिडायचीस, गाडीचा पट्टा लावलाय म्हणायचीस, तरी हात यायचाच.”

“ते आठवतं मला. पण जयवंत इथे कुठे—”

“काल घाटात तू ब्रेक लावलेस, मेंढ्या आल्या तेव्हा, ट्रक आला तेव्हा. दर वेळी माझ्यापुढे हात घातलास. मला वाटलं तुला माहीत असेल.”

माहीत नव्हतं. हेमांगींनी आपल्या हातांकडे पाहिलं. शेजारी बसून वर्षानुवर्षं नुसतं पाहिलेलं त्यांच्यात कधी उतरलं, आणि त्यांच्याकडून काल दिवसभरात पट्ट्याने कधी उचललं, हे दोन्ही त्यांना समजावून सांगता आलं असतं. तोच तर त्यांचा विषय होता. तिकडे चाक उजवीकडे म्हणून जयवंतचा डावा हात यायचा, इथे ओतारचा उजवा आला. वाळूत काय, फळ्यावर काय, अक्षर तेच. हे सगळं त्यांना माहीत होतं. दोन वर्षांत त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूत जयवंतला शोधलं होतं, आणि तो त्यांच्या हातात बसून रोज दवाखान्यात येत होता.

“कोण जयू?” नानुलीने विचारलं.

हेमांगींनी सांगायला सुरुवात केली. नवरा गेल्यापासून त्याच्याविषयी त्या कुणाशी बोललेल्या नव्हत्या. आता एका परक्या बाईला, कुरणात थांबलेल्या गाडीत, कानातल्या दुभाष्याच्या भरवशावर सगळं सांगत होत्या. तो कसा चालवायचा. बेसूर गाणी कशी म्हणायचा. हात आडवा घालून वर म्हणायचा कसा, की गाडीचे पट्टे गाडी बनवणाऱ्यांनी लावलेत, हा मी लावलाय.

नानुलीने शेवटपर्यंत ऐकलं. ओतारचा हात अजून तिच्यापुढे होता. तो आता किंचित थरथरू लागला होता, कारण चाकापासून दूर होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, घटकाभर धरून ठेवला आणि मग उचलून परत चाकावर ठेवला.

“चल,” ती म्हणाली.

ओतारने गाडी सुरू केली. रस्ता पुढे सरळ होता, दूरवर मोकळा; कुत्रं नव्हतं, मेंढरू नव्हतं, चिटपाखरू नव्हतं. थोडं अंतर जाऊन त्याने आरशातून हेमांगींकडे एकदा पाहिलं, आणि काही कारण नसताना ब्रेक दाबला.