बगळा छापलेला ग्लास

यातलं एक अक्षरही मी रंगवून सांगत नाहीये. रंगवता आलं असतं तर शेवट तरी बरा केला असता.

हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरी घडलं. मुलुंड पूर्वेला, नव्वद फुटी रोडच्या आतल्या सोसायटीत. गेल्या मार्गशीर्षात, गुरुवारी.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

हॉलमध्ये ऊन होतं. खाली भंगारवाला ओरडत होता. मी स्वतः तिथे बसले होते.

माझा भाऊ मुकुल. मी त्याला दादा म्हणते. विम्याच्या कंपनीत आहे. एकेकाळी खूप प्यायचा. वसुधा वहिनीने त्या काळात काय सोसलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मग त्याने सोडली. पूर्ण सोडली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

सोडल्यावर त्याला एक विचित्र नाद लागला.

दारूच्या जुन्या ग्लासांचा.

म्हणजे ते छोटे, घोटभर दारूचे ग्लास. फार पूर्वी दारूचे व्यापारी आपल्या गिऱ्हाइकांना ते फुकट द्यायचे. त्यावर दुकानाचं नाव, एखादं चित्र. जाहिरातच ती. असे ग्लास ऑनलाइन लिलावात येतात. बहुतेक परदेशातले, कधीमधी आपल्याकडचेही. ऑफिसमधून आला की दादा मोबाइल घेऊन बसायचा. बोली लावायचा, कोणी वर गेलं की चडफडायचा, लिलाव संपता संपता पुन्हा लावायचा.

"दुसरं काही सुचलं नाही का रे तुला?" मी एकदा विचारलं होतं.

"रिकामा ग्लास बघितला ना शमू, की मला बरं वाटतं," तो म्हणाला.

वहिनीची अट एकच. त्या ग्लासांत काही ओतायचं नाही. पाणीसुद्धा नाही. म्हणून हॉलच्या शोकेसमध्ये ते सगळे ग्लास उपडे ठेवलेले असायचे.

दिवाळीनंतर त्याने एक नवा ग्लास जिंकला. जाड काचेचा, बुडाशी किंचित हिरवट. पांढऱ्या अक्षरांत मुंबईच्याच कुठल्यातरी व्यापाऱ्याचं नाव, अर्धं पुसलेलं. खाली एका पायावर उभा बगळा.

हा ग्लास दादा बरेच महिने बघत होता. लिलावात यायचा, विकला जायचा... आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्याच कोणाच्या नावावर परत लिलावात. काठाला तोच टवका.

"लोकांना कदर नाही," दादा म्हणाला. खूश होता. या वेळी त्याच्यासमोर कोणी बोलीच लावली नव्हती.

ग्लास आला. त्याने धुतला, पुसला, शोकेसमध्ये उपडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो ग्लास सरळ होता.

वहिनीला वाटलं, दादानेच काढून बघितला असेल. तिने परत उपडा केला.

मग एके दुपारी शाळेत शिकवून ती घरी आली, तर शोकेसच्या फळीवर ओला गोल डाग.

आणि वास...

तो वास ती विसरणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर एकदा तिने बघितलं तर ग्लास काठोकाठ भरलेला.

तिने मला फोन केला. आवाज एकदम शांत होता, आणि तेच वाईट होतं.

"तुझ्या दादाने परत सुरू केलंय. तू ये."

मी बोरिवलीला राहते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत माझ्या डोक्यात सगळे जुने दिवस फिरून गेले. दादा दार उघडायला आला. डोळे स्वच्छ. हात स्थिर. तोंडाला वास नाही.

"मी घेतली नाही गं," तो म्हणाला. "तिला सांग ना. मी शपथ घेतो म्हटलं तर ती म्हणते, शपथा खूप ऐकल्या."

शेवटी वहिनीने शोकेसला कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. मी म्हटलं, दोन दिवस मी राहते इथे.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. वहिनीने पूजेसाठी रजा टाकली होती. दुपारी ती स्वयंपाकघरात नैवेद्याचं बघत होती. दादा घरूनच काम करत होता, सोफ्यावर लॅपटॉप घेऊन. मी समोर मटार सोलत बसले होते. शोकेस माझ्या डाव्या हाताला. कुलूप लावलेलं. मी मुद्दाम बघून घेतलं होतं.

सगळे ग्लास उपडे.

खाली भंगारवाल्याची आरोळी थांबली.

मग पंख्याचा आवाज थांबला. म्हणजे पंखा फिरत होता... आवाज येत नव्हता.

आणि त्या शांततेत...

टक.

काचेवर काच ठेवल्यासारखं.

मी दादाकडे बघितलं. तो लॅपटॉपकडेच बघत होता. बोटं मात्र थांबली होती.

"नको," तो म्हणाला.

हळू आवाजात. एखाद्या पाहुण्याला सांगावं तसं.

"नको हो. मी सोडलीय. तुम्ही घ्या."

"दादा... कोणाशी बोलतोयस?"

त्याने मान वर केली. चेहरा पांढराफटक.

"तुला ऐकू नाही आलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"ग्लास आला तेव्हापासून विचारतोय. रोज," तो म्हणाला. "धमकावत नाही गं. आग्रह करतो. म्हणतो, एकट्याने कशी घ्यायची. वसुधाला काय सांगू? तिला वाटेल पिऊन भास व्हायला लागले."

मी शोकेसकडे वळले.

बगळ्याचा ग्लास सरळ होता. भरलेला.

त्याच्या शेजारी दुसरा एक ग्लास सरळ झाला होता. तोही भरलेला.

दादासाठी.

कुलूप जिथल्या तिथे होतं.

मी बघत असताना बगळ्याच्या ग्लासातली दारू खाली गेली. एक घोटभर. मग अजून थोडी. सांडली नाही. कोणीतरी चवीने, सावकाश घेत होतं. माझ्या मांडीवरचे मटार जमिनीवर घरंगळले, तेव्हा मला कळलं की मी उभी राहिलेय.

"वहिनी," मी हाक मारली.

वहिनी आली. तिने दोन्ही ग्लास बघितले. मग दादाकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या नजरेतला राग गेला... आणि त्याच्या जागी भीती आली.

पण बाई खंबीर. पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, दोन्ही ग्लास मोरीत नेऊन रिकामे केले. दादाचं बोलणं तिने आतून ऐकलं असावं. हॉलमध्ये परत आली आणि शोकेसजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली,

"हे बघा, आमच्याकडे कोणी घेत नाही. बसायचं असेल तर चहा टाकते."

आणि खरंच टाकला. कप खुर्चीसमोर ठेवला.

आम्ही तिघं बघत बसलो. चहावर साय धरली. कोणी हात लावला नाही.

ज्याने ग्लास विकला त्याचा नंबर पार्सलच्या खोक्यावर होता. घाटकोपरचा माणूस, चंद्रप्रकाश नावाचा. मीच फोन लावला. ग्लासचं नाव काढताच तो म्हणाला, "परत घेणार नाही ताई."

"परत नकोय. फक्त सांगा, काय आहे हे."

त्याने उलट मलाच विचारलं,

"तुमच्या घरात दारू सोडलेलं कोणी आहे का?"

"आहे."

"त्याने उत्तर तर नाही ना दिलं?"

दादा माझ्यासमोरच बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"दिलं असेल तर ग्लास कुठेही पाठवा, उपयोग नाही. उत्तर दिलं की तो त्या माणसापाशीच बसतो," चंद्रप्रकाश म्हणाला. "माझ्या वडिलांनी बारा वर्षं सोडली होती ताई."

"होती म्हणजे?"

फोन कट झाला. नंतर त्याने उचलला नाही.

वहिनी म्हणाली, "तो काहीही सांगेल. आजच्या आज लिलावात टाक, मुकुल. कोणीतरी घेईल."

"घेईलच," दादा म्हणाला. "पण घेणारा कोण असेल, सांग ना. माझ्यासारखाच एखादा असला तर?"



संध्याकाळी दादाने तो ग्लास जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि बत्त्याने फोडला. कोरडा ग्लास होता, मी स्वतः पुसला होता. तरी टॉवेल भिजला. मग आम्ही तिघं रिक्षाने ऐरोलीच्या पुलाकडे गेलो आणि टॉवेलासकट सगळं खाडीत टाकलं. परत येताना सोसायटीच्या गेटपाशी वहिनीने दादाचा हात धरला. लोकांसमोर तिला तसं करताना मी कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर सगळं थांबलं. वास नाही, डाग नाही. बाकीचे ग्लास तसेच उपडे. वहिनी हसायला लागली. दादाने लिलावाचं अ‍ॅपही काढून टाकलं. मलाही वाटलं, संपलं.

पण अधूनमधून दुपारी मी त्याला फोन करते. इकडचं तिकडचं बोलतो. बोलता बोलता तो मध्येच थांबतो. मोबाइल तोंडापासून जरा लांब धरतो. मग हळूच म्हणतो, "नको." आणि परत माझ्याशी बोलायला लागतो, जसं काही झालंच नाही.

मी विचारत नाही. वहिनीलाही सांगितलेलं नाही. तो नको म्हणतोय ना, मग ठीक आहे, असं मी स्वतःला समजावत होते.

मागच्या आठवड्यात फोन केला होता. वहिनी शाळेत. दादा घरी एकटाच. आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत होतो. तो थांबला. पलीकडे एकदम शांतता... पंख्याचासुद्धा आवाज नाही.

मग तो कोणाला तरी म्हणाला,

"आज नको."