पिवळ्या पानांचा ट्रे

मंगळावरच्या त्या गुहेत एकसष्ट माणसांचा श्वास छायागालिच्यावर अवलंबून होता. सह्याद्रीच्या दाट जंगलात झाडांच्या बुडाशी पसरणाऱ्या एका सदाहरित वेलीचं हे सुधारित वाण. सावलीची सवय असल्याने त्याला मिणमिणता दिवाही पुरे, आणि गुहेत विजेची चणचण कायमचीच.

"राखीव टाकी निम्म्याखाली गेलीय," वस्तीप्रमुख देऊळगावकर म्हणाले. "बागेचा प्राणवायू कमी पडला तरच ती आपोआप उघडते. पण बाग तर हिरवीगार दिसतेय."

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शलाका उमराणी वाफ्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी एक पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, मग दुसऱ्या वाफ्यातलं, मग तिसऱ्यातलं. पेशींत कसलीच हालचाल नव्हती.

"मेलंय," त्या म्हणाल्या. "सगळं."

"हिरवं असून?"

"तशी सोय मीच केली होती. पान पिकतं तेव्हा रोप त्यातलं हरितद्रव्य मोडून अन्न परत ओढून घेतं, म्हणून ते पिवळं पडतं. पिवळी पानं बघून मन खचतं, अशी तुम्हा सगळ्यांची तक्रार होती. मी ते मोडणंच बंद केलं. अन्न जुन्या पानांत अडकून पडलं आणि रोपं उपाशी मेली. रंग तेवढा राहिला."

तक्रार करणाऱ्यांत देऊळगावकरही होते.

बागेची निगा द्रौपदाताई राखत. पाटणच्या रोपवाटिकेत हयात गेलेली ही बाई आता सदुसष्ट वर्षांची होती. "म्याडम, तीन डाव सांगितलं," त्या म्हणाल्या. "वाफं पाणी पीत न्हाईत. तुमी म्हनला, हिरवं हाय न्हवं?"

शलाकाबाईंना ते तिन्ही वेळा आठवले. त्याहून वाईट आणखी एक आठवलं. अधूनमधून एखादं रोप मूळ वळणावर जाऊन पिवळं पडे. ते सदोष समजून उपटून टाकायचा हुकूम त्यांचाच होता. बागेतलं जिवंत तेवढं त्यांनी वेचून फेकायला लावलं होतं.

"सगळी फेकलीत?"

"एक ट्रे खाटंखाली ठेवलाय. जितं रोप फेकाय हात धजंना."

त्या ट्रेपासून बाग उभी राहायला अकरा महिने लागणार होते. पृथ्वीवरून यान यायला दीड वर्ष. टाकी एकसष्ट जणांना चार महिने पुरली असती. देऊळगावकरांनी भागाकार केला. अकरा महिने, फक्त बावीस जण.

"वीस नावं सभा ठरवेल," ते खाली बघत म्हणाले. "बागेची दोन तुम्ही लिहा."

"माजं घालू नगा," द्रौपदाताई म्हणाल्या. "माजं झालंय जगून. तुमचं आन तुमच्या मुक्ताचं घाला. सहा वर्साची पोर हाय."

शलाकाबाईंनी पहिलं नाव द्रौपदाताईंचं लिहिलं. जिवंत रोप ओळखणारं माणूस वस्तीत तेवढं एकच होतं. दुसरं त्यांनी मुक्ताचं लिहिलं आणि कागद परत दिला.

द्रौपदाताईंनी कागदावरची दोन्ही नावं पाहिली. मग त्यांनी विचारलं, "पोरीला काय शिकवू?"

"पिवळं पान दिसलं की घाबरायचं नाही," शलाकाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "तेवढं शिकवा."