ल्युशसचा आवाज बसला तेव्हा

धुण्याची टोपली डोक्यावर घेऊन मी रूळ ओलांडत होते, तेव्हाच त्याने मला गाण्यात ओढलं.

"निळ्या झग्याची आली गं बाई —
सरकायची झाली रुळाला घाई!"

बारा पहारी एकदम खणाणल्या. रूळ बोटभर सरकला.

ल्युशस टेट. अलाबामातल्या आमच्या रेल्वे गँगचा गायक. त्याने सूर दिला की बारा गडी एका श्वासात जोर लावत. सूर नसला, तर बारा पहारींची बारा तोंडं.

"तुम्हाला रूळ सरळ करायला ठेवलंय ना?" मी म्हटलं. "मग नजर का वाकडी?"

"नजर सरळच आहे, मिस ओडेसा... तुम्हीच आडव्या आलात!"

त्या रविवारी तो चर्चमध्ये हजर! माझे पप्पा तिथले पाद्री; प्रवचन सांगता सांगता गाऊ लागतात. तेव्हा बाकांवरून साद आली, की देव अगदी दाराशी येतो. ल्युशसने सकाळपासून सांजेपर्यंत अशी साद दिली, की मी चारदा मागे वळून पाहिलं. पाचदा असेल...

सोमवारी त्याचा आवाज पार बसला.

मी मधाचा चहा घेऊन रुळाशी गेले, तर गोरा मुकादम — सगळे त्याला कॅप्टन म्हणत — गरजत होता. "दोनच्या गाडीआधी रूळ सरळ नाही झाला, तर उद्यापासून दुसरा गायक! कामासाठी फाटकाशी वीस जण उभे आहेत."

ते खरंच होतं. कारखाने बंद पडलेले. गेलेलं काम परत मिळत नव्हतं.

ल्युशसने तोंड उघडलं. नुसती हवा! पहारी एकमेकींवर आपटल्या, रूळ ढिम्म.

बाईने चर्चच्या वेदीवर उभं राहून सूर देऊ नये, असं पप्पा म्हणतात. ही वेदी नव्हती, खडी होती. मी चहा खाली ठेवला.

"देवा माझ्या, वाट कर सरळ —
धरा रे पहारी, लावा रे बळ!"

"हं!" रूळ हलला.

"गाणारा माझा आज गं मुका —
त्याच्या पोटावर पाय देऊ नका!"

"हं!"

म्हातारा एझ्रा ओरडला, "'माझा' म्हणाली! ऐकलंत ना रे?"

माझे कान तापले. पण सूर मी सोडला नाही.

कॅप्टनने गुडघे टेकून रुळावरून नजर लावली. बराच वेळ... "सरळ आहे," तो पुटपुटला. "गायक राहू दे. पण बुधवारपर्यंत आवाज हवा."

दोनची गाडी धक्का न खाता गेली. ल्युशस जवळ आला, कुजबुजला, "माझा... म्हणालीस?"

"म्हणाले. परत घेणार नाही."

"मग तुझ्या पप्पांना... विचारू?"

"या आवाजात? आजारी माणूस आलाय म्हणून ते प्रार्थना सुरू करतील! काम सुटलं की ये. मीच विचारते."

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो, तेव्हा पप्पा चर्चच्या पायरीवर बसले होते. माझं गाणं तिथवर पोचलं होतं.

"ओडेसा, शेवटची ओळ घाईत गायलीस," ते म्हणाले. मग ल्युशसकडे नीट पाहिलं... आणि सरकून पायरीवर दोघांपुरती जागा केली.