दोन पावलांचा खुलासा

आमची पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली, हे आधीच कबूल करते. कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून माझा तो पहिला दिवस. मैदान बघायच्या घाईत मी तरातरा आत शिरले, आणि...

"मॅडम, रेषा ओली आहे."

खाली पाहिलं तर नुकत्याच मारलेल्या पांढऱ्याशुभ्र रेषेत माझा बूट. दचकून मागे सरले, तर दुसरा बूट दुसऱ्या रेषेत.

"आता हलू नका," तो म्हणाला. "तुम्ही जितक्या हलाल तितकं माझं काम वाढेल."

कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात चुन्याच्या रेषा मारायचं यंत्र, आणि डोळ्यांत हसू... ओठांवर मात्र नाही. मैदानाची सगळी देखभाल त्याच्याकडे होती. मुली त्याला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायच्या, कारण दोरी ताणून, दोनदा मोजून मगच तो रेषा मारायचा. त्याचं माप बोटभर चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"माफ करा," मी म्हणाले, "मला एका जागी उभं राहता येत नाही."

"ते दिसलंच," माझ्या बुटांच्या ठशांकडे बघत तो म्हणाला.

गंमत सोडा, पण हीच सवय पुढे माझ्या अंगाशी आली. सामना चालू असताना प्रशिक्षकाने बाकासमोर आखलेल्या चौकटीतच उभं राहायचं असतं. पाऊल बाहेर पडलं की पंच आधी समज देतात, मग पिवळं कार्ड दाखवतात. माझी डाव्या बाजूची आघाडीची मुलगी चेंडू घेऊन सुटली की माझे पायही तिच्याबरोबर सुटतात. मला पत्ताच नसतो. चार सामन्यांत मला दोन पिवळी कार्डं मिळाली. संघातल्या एकाही मुलीला एवढी नव्हती, आणि कॅप्टन हे मला आवर्जून ऐकवायची.

शेवटच्या सामन्याआधी प्राचार्याबाईंनी बोलावून घेतलं.

"तुम्ही वर्षभराच्या बोलीवर आहात," चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या. "संघ छान खेळतोय, नाही म्हणत नाही. पण आणखी एक कार्ड मिळालं तर तुम्हाला कायम करायची शिफारस मी करणार नाही. मुलींना शिस्त शिकवणारीच चौकटीत राहत नाही, तर समितीला मी काय तोंड दाखवू?"

मला ही नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली शिट्ट्या फुंकल्यावर आता कुठे 'मुख्य' हा शब्द माझ्या वाट्याला आला होता. तो पायांच्या मूर्खपणापायी घालवायचा?

त्या संध्याकाळी सराव संपला, मुली गेल्या, आणि मी बाकावर तशीच बसून राहिले. झिमझिम पाऊस होता, भिजवेल इतका नाही, उठवेल इतकाही नाही. तो गोलाची जाळी सोडवत होता. काम संपवून तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

"चेहरा का पडलाय?"

"तुमची ती चौकट फार लहान आहे हो."

"माझी नाही, नियमाची." तो जरा थांबला. "तुम्ही डावीकडे दोन पावलं जास्त जाता. उजवीकडेही दोनच."

"मोजलंत?"

"गवताने सांगितलं. तिथलं सगळं तुडवून ठेवलंय तुम्ही. मी नुसता... बघत असतो."

"गवताकडे?"

"गवताकडेही," तो म्हणाला, आणि एकाएकी जाळीची एक गाठ त्याला फार महत्त्वाची वाटू लागली.

घरी गेले तर आईने विचारलं, "आज जिंकलात वाटतं?"

"सामना नव्हता, सराव होता."

"मग गालातल्या गालात का हसतेस?"

आईपुढे माझी डाळ कधीच शिजत नाही. मी जेवायला वाढून घेतलं आणि पानाकडे बघत जेवले.

सामन्याच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मुली अंग गरम करायला धावत होत्या, मी मनाला बजावत होते, दोन्ही पाय आत, दोन्ही पाय आत... इतक्यात समोरच्या संघाचे प्रशिक्षक, पोक्त गृहस्थ, आमच्या बाकापाशी येऊन उभे राहिले.

"पंचसाहेब, यांची चौकट जरा ऐसपैस नाही वाटत?"

पंचांनी टेप काढला. मोजलं. पुन्हा मोजलं. चौकट डावीकडे दोन पावलं जास्त भरली, उजवीकडेही दोन पावलं.

"बाई, चुना मैदानाला लावायचा असतो," ते गृहस्थ मला म्हणाले. "आम्हाला नाही."

त्यांच्या मुली हसल्या. माझे कान तापले. कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ तो उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली.

"माप चुकलं," तो पंचांना म्हणाला.

ही थाप पचणार कुणाला? मला तर मुळीच नाही. पंचांनी वहीत नोंद केली, जादा रेषा पुसायला लावल्या, आणि तो माझ्या पायाशी बसून त्या पुसू लागला.

"हे काय करून ठेवलंत?" मी दातओठ खात पुटपुटले. "एका कार्डाने जायची ती नोकरी आता तक्रारीने जाईल."

"मला वाटलं, तुम्हाला जरा..."

"नंतर," मी म्हणाले. शिट्टी झाली होती.

ती नव्वद मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. शेवटच्या पाच मिनिटांत डावीकडची मुलगी सुटली... माझे अंगठे बुटांत वळवळले, पण टाच हलली नाही. ओरडायलाही सुचलं नाही. तिने मान वर केली, कॅप्टनला बघितलं, चेंडू दिला, आणि गोल. मी आठवडाभर घसा फोडून शिकवत होते ते तिने मी गप्प असताना केलं. आम्ही जिंकलो, कार्डही मिळालं नाही. पण पंचांच्या वहीतली नोंद होतीच.

सोमवारी सकाळी प्राचार्याबाईंनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"तक्रार आली आहे. चौकट तुमच्या सांगण्यावरून वाढवली, असं त्यांचं म्हणणं."

"बाई, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुमच्या शब्दावर समितीने विश्वास ठेवला असता असं नाही. पण मैदानवाल्यांनी लेखी खुलासा दिलाय. मैदान तुमच्या विभागात येतं, खाली तुमचा अभिप्राय लागेल. वाचा."

अक्षर दोरी लावून काढल्यासारखं सरळ होतं.

'चौकटीचे माप चुकून वाढलेले नाही. मी मुद्दाम वाढवले. मुख्य प्रशिक्षकांना याची कल्पना नव्हती. असती तर त्यांनी वाढवू दिले नसते. पंच त्यांना रागावतात ते मला बघवत नाही. मला त्या आवडतात. मापाबाबत माझी चूक मला पूर्ण मान्य आहे. आवडण्याबाबत चूक मान्य नाही. पुन्हा असे होणार नाही, म्हणजे मापाचे.'

मी तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा अक्षरं जरा धूसर झाली. स्वतःची नोकरी टांगणीला लावून या माणसाने माझी सोडवली होती, आणि तीही सरकारी भाषेत.

"एकवीस वर्षं खुलासे वाचतेय," बाई म्हणाल्या. "बहुतेक सगळे आजारपणाचे असतात." मग टेबलावरचा दुसरा कागद त्यांनी पुढे ओढला. "तुमची शिफारस मी सही करून पाठवतेय. आता अभिप्राय लिहा."

मी लिहिलं, 'मान्य.'

"नुसतं मान्य? नेमकं काय मान्य? उद्या फाइल दुसरं कुणी उघडेल."

मी पुन्हा पेन टेकवलं. 'मापाची चूक गंभीर आहे, ताकीद द्यावी. उरलेला मजकूर मान्य.'

बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर मैदानाकडे बोट केलं. "उरलेलं तोंडी कळवा. त्याची नक्कल आम्हाला नको."

तो मधल्या वर्तुळात बसून गवतातला कचरा वेचत होता. मला बघून उठला.

"ताकीद मिळणार ना?"

"मिळणार. आणि मी कायम होतेय."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलं हे त्याच्या खांद्यांवरून कळलं. "अभिप्राय... काय लिहिलात?"

"ताकीद द्यावी, उरलेला मजकूर मान्य."

तो मनात एकेक वाक्य आठवत गेला. मला त्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य आलेलं दिसलं.

"उरलेल्यात तर—"

"हो, तेच. मलाही तुम्ही आवडता. पण हे मी लिहून देणार नाही. ऐकायचं असेल तर रोज यावं लागेल."

"किती वाजता?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"सराव संपल्यावर. आज सराव नाही, म्हणून आत्ता सांगितलं."

त्याने चुन्याचा हात पँटला दोनदा पुसला आणि माझा हात हातात घेतला. हात नीट पुसला गेला नव्हता. मी तो तसाच धरून उभी राहिले.